बुधवारी रात्री आठ वाजता

हिंदी चित्रपटगीतांना ‘पायदान’ हा शब्द एका टूथपेस्टने दिला, असं म्हटलं तर ते फारसं खोटं ठरणार नाही. बिनाका नावाची टूथपेस्ट होती. खोक्यात प्लास्टिकचा एक इवलासा प्राणी मिळायचा आणि तो मिळावा म्हणून आम्ही पोरं ट्यूब लवकर संपावी याच्या खटपटीत असू. पण बिनाकाचं नाव घराघरांत पोचलं ते दातांपेक्षा कानांच्या वाटेने. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी रात्री, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम झाला. बोलणारा तरुण मुंबईचा होता, अमीन सयानी. वयाची वीस वर्षं पुरी व्हायला अठरा दिवस कमी.

मुंबईचा तरुण, मुंबईची गाणी, ऐकणारे हिंदुस्थानभरचे. मग कार्यक्रम कोलंबोहून का? यामागे एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीला लागलेली कीड, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी त्यांनी कमी कमी करत आणली, निर्माते रुसले, आणि शेवटी ती गाणी जवळजवळ दिसेनाशीच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी कोलंबोत बसवलेली जबरदस्त प्रक्षेपण यंत्रणा सिलोनच्या हाती आयतीच आली होती. शॉर्टवेव्हवर ती साऱ्या उपखंडात ऐकू जाई. मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा, फीत विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून समुद्र ओलांडून आवाज परत आपल्या माजघरात यायचा.

केसकरांना नावं ठेवणं आता सोपं आहे. मला ते पुरतं पटत नाही. ज्या आकाशवाणीने फिल्मी गाण्यांना दार लावलं, तिनेच १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू केलं आणि वर्षभर माडगूळकर-फडके यांची एकेक नवी रचना आठवड्याला ऐकवली. आमच्या पिढीच्या आया ती गाणी देवापुढे बसावं तशा ऐकत. त्याच आया बुधवारी रात्री आठला सिलोनही लावत. घरातल्या बाईला यात विरोधाभास वाटला नाही, तो दिल्लीला वाटला. १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने तह केला, पण तोवर बुधवार सिलोनचा होऊन बसला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाणं पहिलं आलं, दुसरं आलं, म्हणजे नेमकं काय झालं? मी बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढली. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरच्यांच्या मते हा रोग आहे.

सुरुवातीला गीतमालेत क्रम नव्हताच. सात गाणी वाजत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. सारं काम एकट्या सयानींच्या गळ्यात: संहिता लिहायची, बोलायचं, पत्रंही वाचायची. दीडेक वर्षात पत्रांचा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला, आणि एवढी पोती उपसणं माणसाच्या आवाक्यातलं नाही हे ध्यानात आलं. मग १९५४ पासून स्पर्धा जाऊन खरीखुरी क्रमवारी आली. रेकॉर्डची दुकानं कुठली तबकडी किती खपली ते कळवत आणि त्यावरून पायदान ठरे. पुढे गावोगावच्या श्रोता संघांचीही मतं त्यात धरली जाऊ लागली. गाणं ठराविक आठवडे वाजलं की बिगूल वाजवून त्याला ‘सरताज’ म्हणून निरोप द्यायचा आणि वर्षअखेरीला साऱ्या वर्षाचा ताळेबंद.

तपासनीस म्हणून या पद्धतीकडे पाहिलं तर शेरे मारायला पुष्कळ जागा आहे. रेकॉर्ड विकत घेणारा ग्राहक म्हणजे ग्रामोफोनवाला. आळीत असा एखादाच. वर्षअखेरीला लागलेल्या चित्रपटाचं गाणं पुढच्या वर्षाच्या खात्यात पडणार. एका चित्रपटात पाच गाणी चांगली असली तर ती एकमेकांचीच मतं खात असावीत, असा माझा अंदाज आहे. आणि वादकांना तर रकानाच नाही. शंकर-जयकिशन वर्षाच्या यादीत सहा वेळा पहिले आले. त्यांच्या वाद्यमेळाची आखणी करणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा एकदाही कुठल्या पायदानवर दिसले नाहीत. हिशेबात सही एकाची आणि रात्रभर बसून आकडे जुळवले दुसऱ्याने, हे मी बँकेतही पाहिलं आहे.

तरीसुद्धा त्या वार्षिक याद्या आज एका बैठकीत वाचल्या की हाती काहीतरी वेगळंच लागतं. मुखडे मी मुद्दामच लिहीत नाही. चित्रपटाचं नाव वाचताच तुमच्या तोंडी चाल येते की नाही ते तुम्हीच बघा.

१९५३ चा पहिला क्रमांक ‘अनारकली’चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचं, आणि आवाज लताबाईंचा. क्रमवारीचं हे खातं मराठी माणसांनीच उघडलं म्हणायचं. १९५५ साली ‘श्री ४२०’. १९५६ साली ‘सीआयडी’, मुंबईत जगणं किती अवघड आहे ते सांगणारं रफी आणि गीता दत्त यांचं गाणं. जॉनी वॉकर पडद्यावर मजेत ते म्हणतो. पण साल बघा. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा त्याच वर्षीच्या जानेवारीत झाली होती, रस्त्यावर गोळीबार होऊन माणसं पडली होती, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मैदानं अपुरी पडत होती. दिवसा घोषणा देणारी माणसं रात्री रेडिओपुढे बसून याच शहरावरच्या गाण्याला ठेका धरत असणार. मुंबई हवी म्हणून भांडायचं आणि मुंबईत राहणं किती जिवावरचं म्हणून हसायचं. मुंबईकराला दोन्ही जमतं.

१९५७ चं साल तर चक्रावून टाकतं. ‘प्यासा’ त्या वर्षीचा, ‘नया दौर’ त्या वर्षीचा, ‘मदर इंडिया’ही. आणि वर्षाचं पहिलं गाणं कुठलं? ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक धाटणीच्या चित्रपटातलं. भरत व्यासांचे शब्द, एस. एन. त्रिपाठींची चाल, रफी आणि लता. चित्रपट आज कुणाला आठवत नाही, गाणं मात्र अजून भजनी मंडळांत चालतं. जाणकार ‘प्यासा’वर ग्रंथ लिहितात, पण त्या वर्षीची रेकॉर्ड घेणारी दुनिया देवाशी लपंडाव खेळत होती. नौशाद यांचं एकही गाणं वार्षिक यादीत पहिलं आलेलं नाही, हेही असंच. ‘मुगल-ए-आझम’च्या साली, १९६० मध्ये, पहिला नंबर रोशन यांच्या ‘बरसात की रात’चा होता.

मी १९५८ चा. त्या वर्षीचं पहिलं गाणं ‘सोलवाँ साल’चं, लोकलगाडीतलं, हेमंतकुमारांच्या आवाजातलं. त्यात वाजणारा माऊथ ऑर्गन संगीतकाराच्या मुलाचा, पोरसवदा राहुल देव बर्मनचा. त्याचं स्वतःचं गाणं वर्षाच्या यादीत पहिलं यायला पुढे चौदा वर्षं जावी लागली.

आमच्याकडे, कराडला, मर्फीचा रेडिओ आला १९५९ साली. पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागे. रेडिओ वडिलांचा, पण बुधवारची रात्र आत्याची. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही हे आम्हा मुलांपुढे कुणी बोललं नाही. माजघराच्या खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन होतं आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या नि ब्लाऊज त्यावर शिवले जात. घरात कसलाही निर्णय व्हायचा असला, वाटणी असो की माझी मुंज असो, तर तो ओसरीवर व्हायचा आणि आत्याला चहा टाकायला सांगितलं जायचं.

बुधवारी आठाला पाच कमी असताना मशीन थांबे. सिलोन लागणं ही कला होती. आवाज लाटेसारखा यायचा, मध्येच विरून जायचा, मागे कुठलंसं चिनी की अरबी स्टेशन खरखरायचं. आत्या काट्यावर दोन बोटं ठेवून उभी राही, जणू बाळाची नाडी बघते आहे. दुसऱ्या हातात पेन्सिल.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती लांबोडकी वही मिळाली. १९५९ ते १९८०. प्रत्येक वर्षअखेरीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘त्यांचा’, उजवीकडे ‘माझा’. डावीकडे गीतमालेची वार्षिक क्रमवारी, उजवीकडे आत्याची. बँकेच्या भाषेत हे रिकन्सिलिएशन स्टेटमेंट झालं. दोन रकाने समोरासमोर मांडायचे आणि फरक कुठे आहे ते शोधायचं. बावीस वर्षांत पहिल्या क्रमांकावर दोन्ही रकाने जुळले ते तीनदा. १९६० साली ‘बरसात की रात’, म्हणजे ‘मुगल-ए-आझम’च्या वादात ती जगाच्या बाजूने होती. १९६७ साली ‘मिलन’, ज्यात सुनील दत्त नूतनला गाणं शिकवतो. तिसऱ्याचं सांगतो.

कडेला कुठेकुठे शेरे आहेत. १९६९ ला ‘इंतकाम’च्या गाण्यापुढे: “चाल बरी. शब्द घरात म्हणता येत नाहीत.” १९७२ ला ‘हरे रामा हरे कृष्णा’पुढे: “दादाने रेडिओ बंद केला. सबब मत नाही.” १९७३ ला ‘जंजीर’पुढे नुसतं “प्राण.” ते बरोबरच होतं. चित्रपटाने अमिताभ घडवला, पण वर्षाचं पहिलं गाणं मन्ना डे यांच्या आवाजात प्राणने नाचून घेतलं होतं.

दर दोन-तीन महिन्यांनी ती एक पोस्टकार्ड टाकायची. अक्षर ठळक, पत्ता दोनदा तपासलेला. घरात ग्रामोफोन नव्हता, त्यामुळे दुकानाच्या हिशेबात आत्या कुठेच नव्हती. श्रोता संघ गावात होता, पण तो चौकातल्या पानाच्या दुकानामागे भरे आणि तिथे बाईमाणूस जाणं शक्य नव्हतं. तिची कार्डं कुणी मोजली की नाही, देव जाणे. एकदा मी विचारलं होतं, “आत्या, आपलं नाव रेडिओवर घेतील?” ती दोरा ओवत म्हणाली, “नाव कशाला? नंबर लावला म्हणजे झालं.”

तिच्या उजव्या रकान्यात एक नाव सारखं वर असे, मदनमोहन. १९६२ ला ‘अनपढ’, १९६४ ला ‘वह कौन थी’, १९६६ ला ‘मेरा साया’. आणि समोर डाव्या रकान्यात पहिल्या जागी अनुक्रमे ‘जंगली’, ‘संगम’ आणि ‘सूरज’, तिन्ही शंकर-जयकिशन. ती तिन्ही गाणीही झकास आहेत, मला विचाराल तर ‘सूरज’चं गाणं वाजल्याशिवाय आपल्याकडे लग्नाची वरात मांडवात शिरत नाही. पण आत्याचा हट्ट कायम. मदनमोहन यांच्या वाट्याला हे नेहमीचंच होतं. गझलेचे बादशहा म्हणून सारे मान डोलवत, लताबाई त्यांना भाऊ मानत, पण फिल्मफेअरचा पुरस्कार त्यांना कधी मिळाला नाही. ‘दस्तक’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोच काय तो मान. १४ जुलै १९७५ ला ते गेले, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. ‘लैला मजनू’चं संगीत अर्धवट राहिलं होतं, ते जयदेव यांनी पुरं केलं. चित्रपट आला १९७६ मध्ये. आणि १९७७ च्या वर्षअखेरीला गीतमालेत पहिल्या पायदानवर त्यातलं लताबाईंनी गायलेलं गाणं आलं. शब्द साहिर यांचे, चाल मदनमोहन यांची. लैला दगड मारणाऱ्यांपुढे हात जोडते, तेच.

वहीच्या त्या पानावर डावीकडे १, उजवीकडे १. खाली आत्याच्या अक्षरात: “जुळलं. पण तो नाही.”

त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. हे पान तेव्हा मी पाहिलं नव्हतं. एवढंच आठवतं की त्या बुधवारी कार्यक्रम संपल्यावर आत्या बराच वेळ मशीनवर बसली नाही. आईने “जेवायला ये” म्हणून दोनदा हाक मारली.

याद्यांमध्ये बाजारभावही सापडतो, हे मात्र मला बँकेत गेल्यावर उमगलं. १९७५ चं पहिलं गाणं ‘रोटी कपडा और मकान’चं, महागाईवरची ती कव्वाली. लता, मुकेश, नरेंद्र चंचल आणि जानी बाबू कव्वाल. चित्रपट आदल्या वर्षीचा. आणि १९७४ साली महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला होता. रेशनच्या रांगेत पिशवी धरून मी स्वतः उभा राहिलो आहे, आणि रांगेतली पोरं तेच गाणं म्हणत. गंमत अशी की वर्षअखेरीची यादी जाहीर झाली तेव्हा आणीबाणी लागून सहा महिने झाले होते आणि भाव उतरणीला लागले होते. लोकांचं रडगाणं हिशेबात जमा झालं ते मुदत उलटून गेल्यावर. पुढल्याच वर्षी, १९७६ ला, ‘कभी कभी’. ते गाणारे मुकेश २७ ऑगस्टला अमेरिकेत वारले होते. १९८० ला ‘सरगम’, लता आणि रफी. रफीसाहेब ३१ जुलैला गेलेले. त्या वर्षी आत्याने डावा रकाना भरला आहे आणि उजवा कोराच ठेवला आहे. पुढे वहीत काही नाही.

तोवर मोजण्याचं गणितच बिघडलं होतं. कॅसेट आली. तबकडी दुकानातून विकली जाई, तिची पावती असे. कॅसेट टपरीवर, एसटी स्टँडवर, हातगाडीवर, आणि त्यातल्या कितीतरी चोरून भरलेल्या. त्यांचा हिशेब कोण देणार? १९८९ मध्ये गीतमाला सिलोन सोडून विविध भारतीवर आली. ज्या घराने दार लावलं होतं त्याच घरात ती पाहुणी म्हणून शिरली, पण तोवर लोकांचं लक्ष टीव्हीकडे लागलं होतं. १९९४ मध्ये ती थांबली. मधल्या काळात टूथपेस्टचं नावही बदलून सिबाका झालं होतं. दोन हजार सालानंतर पुन्हा काही काळ ती चालू झाली, पण आठवड्याचा वार त्यावरून ओळखायचे दिवस सरले होते.

आता फोनवर कुठल्याही गाण्याखाली किती कोटी वेळा वाजलं ते दिसतं. आकडा मोठा असतो, पण बँकेत आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की खातेदार किती आणि व्यवहार किती, या दोन आकड्यांची गल्लत करायची नाही. एकाच घरातलं पोर एकच गाणं दिवसातून चाळीसदा लावतं. आत्याचं कार्ड दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचं.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. सहाच दिवसांनी पंकज उधास गेले. १९८७ च्या यादीत पहिलं आलेलं ‘नाम’मधलं गाणं त्यांचं, परदेशी गेलेल्या मुलाला घरून आलेल्या पत्राचं. १९८७ ला मी कोकणातल्या एका शाखेत होतो. गावातले निम्मे तरुण आखातात, आणि दर महिन्याला त्यांच्या बायका आणि आया ड्राफ्ट घेऊन काउंटरवर. शाखेसमोर कॅसेटवाल्याची टपरी होती, दिवसभर ते एकच गाणं. काउंटरवरचा आमचा शिपाई त्याला शिव्या घालायचा, कारण तिसऱ्या कडव्याला रांगेतली एखादी बाई हमखास डोळ्याला पदर लावायची आणि सही करायच्या जागी अंगठा चुकायचा.

एक म्हातारी होती, मुलगा कुवेतला. ड्राफ्टबरोबर आलेलं पाकीट ती माझ्यापुढे ठेवायची आणि मी वाचून दाखवायचो. त्या दिवशी पत्र नव्हतं, नुसताच ड्राफ्ट होता. तिने पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, “साहेब, त्या समोरच्याला सांगा, जरा हळू लाव म्हणावं.” मी शिपायाला पाठवलं. तो परत आला तोवर म्हातारी पाकिटाची नीट घडी घालत होती आणि टपरीवर तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं, थोड्या हळू आवाजात.